कमळातला नाथा

"ह्यात माणूस कुठाय?" मी विचारलं.

शालननं माझ्या हातातला कागद फिरवून सरळ केला. मी तो उलटा धरला होता. "हे काय, हे कपाळ. हे कान."

मतदान कार्डाची झेरॉक्स होती. त्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिचीही पुन्हा झेरॉक्स. एक पोलिसांनी ठेवून घेतलेली, एक सरपंचानं, एक कुणा साधूबाबानं. दर वेळी शालननं हातात उरलेल्या कागदाचीच पुढची प्रत काढलेली. ती ज्याला कपाळ म्हणत होती तिथं पांढरा डाग होता आणि कान म्हणत होती तो बहुतेक सरकारी शिक्का असावा.

"शालन, हा नाथा न्हाई बाई. ही पावसात भिजलेली भिंत हाय."

"फौजदार पन असंच म्हनला," ती म्हणाली. "म्हनून तर तुमच्याकडं आले, अण्णा."

माझ्याकडे म्हणजे 'शुभमंगल व्हिडिओ'त. विट्याच्या बाजूला लग्न झालं आणि मी शूटिंगला नव्हतो, तर ते लग्न कायद्यानं झालं पण लोकांच्या मते नाही. माझ्या कॅमेऱ्यावरचा दिवा असा होता, की मांडवात लावला की शेजारच्या गावातले कोंबडे आरवायचे. एका नवरदेवाच्या तर मुंडावळ्यांतली फुलं जागच्या जागी सुकून त्यांचं अत्तर झालं होतं. लोक म्हणतात रंगाण्णा थापा मारतो. मारतो. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या दोनच धंदे नीट चालले, गलाई आणि बढाई.

बाहेरच्यांना गलाई ठाऊक नसते. सोनाराकडचं मोडीचं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या लोकांचा धंदा. घरटी एक माणूस परमुलखात. कुणी सेलमला, कुणी गुवाहाटीला, कुणी राजकोटला. उन्हाळ्यात जत्रेला सगळे गावी येणार, पोराबाळांची लग्नं उरकणार आणि पुन्हा पांगणार. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांना लग्न दिसायचं ते माझ्या कॅसेटमधून. पुढं कॅसेट मेली, सीडी आली, तीही मेली आणि मोबाइल आला. मग मी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून, कापून, दाबून मोबाइलवरून जातील एवढ्या करून द्यायला लागलो. अख्खं लग्न काडेपेटीत बसवायचा धंदा.

शालनचा नवरा नाथा सेलमला, आमच्याच गावच्या आबाशेठच्या भट्टीवर कामाला होता. जत्रेसाठी गाडीत बसला, मधल्या कुठल्याशा स्टेशनवर पाण्याची बाटली भरायला उतरला, आणि गाडी हलली. सोबतच्यांनी त्याची पिशवी घरी आणून दिली. मोबाइल पिशवीतच होता. त्यानंतर एक जत्रा झाली होती, दुसरीही होऊन गेली होती.

"जालिंदरभावजी म्हनत्यात, म्होरल्या जत्रंपतुर बघू," शालन काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाली. "न्हाईतर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करू म्हनत्यात. त्यांच्या सुमीचं जमंना झालंय. पावनी इचारत्यात, चुलता हाय का गेला? काय सांगायचं? घरात सुतक बी न्हाई आन्‌ सुटका बी न्हाई."

"तुझं काय म्हणणं?"

"जित्त्या मानसाला जाळू?" तिनं कपाळावरच्या कुंकवाला उगाच हात लावला. "फोटू लागतोय, अण्णा. समद्या गलाईवाल्यांचं ग्रुप हाईत म्हनं मोबाइलवर. गावोगावची मानसं हाईत त्यात. दिसलं एखाद्याला तर. पन दावू काय? आमचं लगीन सामुदायिक. फोटूत चाळीस नवरं, चाळीस नवऱ्या, आन्‌ आमी दोघं म्हाराजांच्या पाठीमागं."

"दुसरा कुठलाच नाही?"

"आबाशेठच्या लेकीच्या लग्नात तुमी काढला हुता. पंगतीत. ह्यांनी बुंदी वाढली हुती तवा."

आबाशेठच्या लेकीचं लग्न म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या लग्नात एवढी बुंदी पाडली होती की पुढचे दोन पावसाळे गावच्या ओढ्यातले मासे गोड लागत होते. पण कॅसेट? मी घरात ओरडलो, "सगुणाऽ, आबाशेठचं लग्न कुठाय?"

"खाटंच्या पायाखाली," आतून बायको म्हणाली. "तुमच्याच बाजूच्या. काढा, म्हंजे तरी एकदा जमिनीवर याल."

कॅसेटमध्ये पांढरी बुरशी. टेप उघडून, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ कापडातून हातानं ती इंचाइंचानं ओढावी लागली. एकुलता एक प्लेअर, त्याचं डोकं पुसलं, नवसाचा नारळ फोडायचा तेवढा बाकी ठेवला. आणि कॅसेट लावली. ह्या कामात घाई चालत नाही. तीन तासांचं लग्न कॉम्प्युटरवर उतरवायला तीनच तास लागतात, नवरी कितीही वाट बघायला लावो. शालन स्टुलावर बसली. पदर तोंडाशी. सगुणा चहा घेऊन आली ती तिथंच बसली.

"ही आमची आत्याबाई," शालन म्हणाली. "गेली." थोड्या वेळानं, "हा तुकादाजी. ह्यो बी गेला." मग बोट पडद्याकडेच ठेवून ती नुसती "गेली, गेला" एवढंच म्हणत राहिली. मांडवात हसतखेळत अक्षता टाकणारी माणसं, आणि ही बाई एकेकाला शांतपणे पोचवत होती. सगुणानं माझ्याकडे बघितलं. मी एरवी अशा वेळी एखादी थाप सोडून देतो. ह्या वेळी प्लेअरचा आवाज तेवढा कमी केला.

मग पंगत आली. माझ्या दिव्याचा झोत पत्रावळींवरून सरकत गेला आणि एका बुंदीच्या बादलीवर थांबला. बादलीमागचा माणूस दचकला, उजेडानं डोळे मिटले, कोपर तोंडाशी नेलं, मग कोपराआडून हसला आणि सरळ कॅमेऱ्यात बघून काहीतरी बोलला. झालं. चहाचा घोट घ्यावा आणि कप खाली ठेवावा, एवढंच. लगेच कोपऱ्यातून एक गुलाबी पाकळी आली, दुसरी आली, नाथाच्या गालावर बसली, आणि मोठ्ठं कमळ उमलून त्यातून आबाशेठची लेक निघाली. दोन दृश्यांच्या मधे घालायचं माझं हे कमळ त्या काळी आटपाडीपर्यंत प्रसिद्ध होतं.

शालन स्टुलावरून उठली होती. "परत."

मी मागं नेलं.

"परत."

किती वेळा दाखवलं ते मोजलं नाही. आवाज नव्हता, त्यावर मी सनईची कॅसेट चढवली होती.

"काय म्हणतोय गं ह्यो?" सगुणानं विचारलं.

"'तुमाला नगं का बुंदी,' असं इचारत्यात," शालन म्हणाली. "रंगाण्णांस्नी. काय वो अण्णा, तुमाला जेवायला बोलवत हुतं हे, आन्‌ तुमी फूल टाकलं तोंडावर."

"ती पाकळी काढता येत नाही बघ. ती आता चित्रातच मुरलीय."

"असू द्या." ती पडद्याजवळ गेली. "पन हे अंगानं कवा भरलं हो एवढं? गालबिल चांगलं दिसत्यात."

भरला नव्हता. नाथा काडीसारखा होता. जुनं चित्र चौकोनी असतं आणि आताचे पडदे रुंद. बाजूच्या काळ्या पट्ट्या गिऱ्हाइकाला आवडत नाहीत, म्हणून मी सगळीच लग्नं आडवी ताणून देत असे. त्यामुळे आमच्या तालुक्यातली जुनी माणसं मोबाइलवर सगळी खात्यापित्या घरची दिसतात. मी एक कळ दाबली. नाथा पुन्हा बारीक झाला, गाल आत गेले.

शालन पडद्यापासून मागं सरली. मग म्हणाली, "अण्णा, मगाचंच ऱ्हाऊ द्या."

"अगं, पण ओळखायला हा बरा. खरा हाच."

"खरंच हाय हो. पन ह्यो बघून लोक म्हनतील, उपाशी मारला आन्‌ आता हुडकाय निघाली. मगाचंच ऱ्हाऊ द्या."

सगुणा म्हणाली, "ठेवा की तिला पाहिजे तसा. एवढी खोटी कामं करता." मी कळ सोडली आणि नाथाला पुन्हा चार घास चढले.

त्या काळी ग्रुपवर जड फाइल चढत नसे, आणि शालनला त्यात सगळंच घालायचं होतं. नाव, गाव, डाव्या हातावरचा भट्टीचा डाग, तुळशीची माळ, कुणाला दिसलं तर घरी वाट बघत्यात म्हणून सांगा. ती बोलली, मी रेकॉर्ड केलं. मग दाबायला बसलो. जेवढी फाइल लहान तेवढा चेहरा पुसट, चेहरा ठेवावा तर बोलणं कापावं लागे. आम्ही दोघांनी भाजी निवडावी तसं ते निवडलं. शेवटी बादली, कोपर, हसणं, आणि तिचं "घरी वाट बघत्यात". बाकीचं मी खाली एका काळ्या पट्टीवर लिहिलं, शेजारी माझा नंबर. शालनकडे तेव्हा साधा फोन होता.

पहिल्यांदा पाठवलं आबाशेठला. सेलमात बसून देशभरचे सगळे मोठे ग्रुप तोच चालवायचा. त्याचा लगेच फोन.

"रंगा, बघितला व्हिडिओ. ह्यात थाप कुठली हाय?"

"शेठ, थाप न्हाई. नाथा हाय. तुमच्याच भट्टीवरला."

"ते कळलं. पन मागल्या वर्षी तू पाठवलं हुतंस, विट्यात दोन तोंडाची म्हैस व्याली म्हनून. आसामातनं मानसं आली हुती बघायला."

"म्हैस थाप होती. नाथा खरा हाय."

"शप्पथ?"

"सिद्धनाथाची."

"मग टाकतो." आणि त्यानं टाकला. पण टाकण्याआधी वरच्या बाजूला स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवला, कारण आबाशेठच्या ग्रुपवर मयताची बातमीसुद्धा त्याच्या फोटोशिवाय जात नसे. त्या फोटोला जागा करायला नाथा खाली सरकला आणि निम्मा झाला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. शालन रोज सकाळी रानात जाण्याआधी दुकानात येई आणि स्टुलावर बसे. गुवाहाटीहून एकानं चहावाल्याचा फोटो पाठवला. शालननं बघितला. "हे न्हवं." राजकोटहून एका देवळाच्या पायरीवर बसलेला माणूस आला. "हे न्हवं." मदुराईहून दाढीवाला, नागपूरहून हमाल, कुठूनसा एक वेडा, ज्याला लोकांनी हौसेनं आंघोळ घालून फोटो काढला होता. "हे न्हवं हो अण्णा, पन कुनाचं तरी असंल." एका गड्यानं तर स्वतःचाच फोटो पाठवला. म्हणाला, मीच असेन कदाचित, माझं इथं बायकोशी पटत नाही.

ह्यावर शालन हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं, म्हणून हे खोटं वाटलं तरी सांगतो.

मला हळूहळू लक्षात आलं, एवढे नाथा का सापडताहेत ते. फिरत फिरत व्हिडिओ माझ्याकडे परत यायला लागला होता. कुणी तो स्टेटसला लावायला उभा कापला होता, त्यात खालची पट्टी गेली, पट्टीबरोबर नंबर गेला. कुणी मोबाइलच्या पडद्याचंच दुसऱ्या मोबाइलनं शूटिंग केलं होतं. कुणी शालनचा आवाज काढून त्यावर रडकं गाणं घातलं होतं. दर हातागणिक चेहऱ्यावरचं थोडं थोडं उतरत होतं. आणि चेहरा जेवढा पुसट होई, तेवढा तो जास्त लोकांना आपल्या गल्लीत दिसे.

नंबर गेल्यावर फोनही आटले. मी कॉम्प्युटरवरून पुन्हा स्वच्छ व्हिडिओ काढला, नंबर ह्या खेपेला मोठा, नाथाच्या छातीवरच, आणि पाठवला. ग्रुपवरून उत्तरं आली. जुना आहे. हा आला होता. रंगाण्णा, किती वेळा तेच?

मग एक दिवस शालन धावतच आली. चप्पल एकाच पायात. पाठोपाठ जालिंदर, तिचा दीर, सायकल टाकून.

"अण्णा! कुठं हाईत? कुठं गावलं?"

"कोण?"

"आवो असं काय करताय? भावजींस्नी सेलमवरनं फोन आला. पेढं कवा देताय म्हनून!"

जालिंदर धापा टाकत म्हणाला, "तिघांचं फोन आलं, रंगाण्णा. सापडला म्हनत्यात समदी. ग्रुपवर हात जोडल्यात, फुलं टाकल्यात."

मी मोबाइल काढला. खरंच होतं. अभिनंदन, अभिनंदन, देव पावला, आबाशेठच्या प्रयत्नांना यश. वर वर सरकवत गेलो. मुळाशी एकानं विचारलं होतं, तो बुंदीवाला सापडला का? त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, सापडला असेल आतापर्यंत. तिसऱ्यानं त्यातला 'असेल' गाळून पुढं पाठवलं.

मी आबाशेठला फोन लावला. शालन माझ्या तोंडाकडे बघत होती. अख्खा जन्म मी लोकांच्या तोंडाकडे बघून थाप ठरवलेली, आता उलटं चाललं होतं.

"मला काय ठाऊक?" आबाशेठ म्हणाला. "समद्यांनी लिवलं म्हनून मी बी लिवलं. मंग, गावला न्हाई?"

"न्हाई."

"बरं, मी लिवतो तसं." मग, "पन रंगा, लोक आता खूश हाईत रं. परत कोन वाचतंय?"

मी फोन ठेवला. शालननं स्टूल ओढलं आणि बसली. पायातली एक चप्पल काढून बाजूला ठेवली. "ही सगळी मानसं," ती म्हणाली, "खोटं कशाला बोलतील अण्णा? कुनीतरी बघितलं असंल. एखाद्यानं तरी."

जालिंदर वाईट माणूस नव्हता. तो तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल वैनी. ऊन हाय, चप्पल हुडकू."

जत्रा आली. सगळे आले, आबाशेठसुद्धा. पालखी झाली, लग्नं झाली, आणि जत्रेची माणसं पांगायच्या आत जालिंदरनं ओढ्याच्या काठाला पळसाची पानं आणवली. देठांची हाडं, पानांचं अंग, डोक्याच्या जागी नारळ. भटजींनी त्याच्यावर पांढरं कापड घातलं. काडीसारखा नाथा, पण पानांचा चांगला गुबगुबीत झाला होता. मला कुणी कॅमेरा आणायला सांगितलं नव्हतं. शालन लांब बायकांत बसली होती. नारळाकडे एकदाच बघून ती म्हणाली, "तोंड झाका की वो. ऊन लागतंय." त्यावर बायका रडल्या, ती रडली नाही.

पावसाळा सरता सरता सुमीचं लग्न ठरलं. त्याच सुमारास जालिंदरनं शालनला नवा मोबाइल घेऊन दिला. एका दुपारी ती तो घेऊन दुकानात आली. कपाळ मोकळं. माझी नजर तिथं गेली की ती दर वेळी पदर पुढं ओढे, तसा ओढला.

"अण्णा, हे पाठवता येतं का बघा बरं. मला जमंना. दाबलं की भलतंच हुतंय."

"काय हाय?"

"कुनाचं तरी मानूस हरवलंय. कुठनं आलंय कुनास ठाऊक. नाव न्हाई, गाव न्हाई." तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. "आमचं झालं. पन ह्यांच्या घरी तरी कुनी वाट बघत असंल."

मी बघितलं. उभा, अरुंद व्हिडिओ. कडेनं फुलांची चौकट, वर कुठल्यातरी परक्या लिपीत दोन ओळी, मागं बासरी. उजवी बाजू डावीकडे गेलेली. मध्ये मातकट ठिपक्यांचा एक गोळा, त्यातून कोपरासारखं काही वर येत होतं, आणि गोळा हलत होता, म्हणजे बहुधा हसत होता. बादली कापली गेली होती. नाक, डोळे काही नव्हतं. मीसुद्धा ओळखला नसता. पण अगदी शेवटी, व्हिडिओ संपता संपता, कडेनं एक गुलाबी पाकळी आत आली आणि त्या गोळ्यावर बसली.

"वळखीचं हाय का कोन?" शालननं विचारलं. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

पाकळी थांबली होती. मी मोबाइल जरा माझ्याकडे वळवला.

"न्हाई," मी म्हणालो. "आपल्या बाजूचा वाटत न्हाई."

"तोंड कसं दिसंना झालंय बघा त्या बिचाऱ्याचं. असं कसं गावायचं?"

"गावंल की."

"धाडा तुमच्या समद्या ग्रुपांत. आबाशेठला बी धाडा."

मी ते आधी माझ्या मोबाइलवर घेतलं आणि तिथून धाडलं. एकेका ग्रुपवर बोट ठेवलं, ती वाचत गेली. सेलम. मदुराई. गुवाहाटी. राजकोट. मग आमच्या गावच्या ग्रुपवर. त्यात जालिंदरनं नुकतंच तिचंही नाव घातलं होतं. मी तिचा मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि तेवढ्यात तो तिच्या तळहातात थरथरला.

शालननं बघितलं. तोच गोळा, तीच बासरी. तिचा चेहरा उजळला.

"पोचलं बघा, अण्णा," ती म्हणाली. "माझ्याकडंच आलं."